कर्करोगाच्या शस्त्रकर्मानंतरची मृत्युशक्यता : अंकगणित आणि ग्रामीण वैद्याची नोंद

प्रास्ताविक

कर्करोगाचे निदान होऊन शल्यचिकित्सकाने शस्त्रकर्माचा सल्ला दिला, की रुग्णाचे नातेवाईक अनेकदा आपल्या गावच्या वैद्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात : "डॉक्टर, ऑपरेशन झेपेल का?" पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हा प्रश्न विचारण्याचा त्यांना संकोच वाटतो किंवा मिळालेले उत्तर समजलेले नसते. पन्नास-साठ किलोमीटरवरून आलेले हे कुटुंब रिपोर्टांची फाईल आपल्या टेबलावर ठेवते आणि निर्णय आपल्या तोंडून ऐकू इच्छिते.

आधुनिक शल्यशास्त्रात या प्रश्नाचे उत्तर आता पुष्कळदा अंकात दिले जाते. रुग्णाचे वय, आजार, रक्ततपासण्या व शस्त्रकर्माचा प्रकार संगणकात भरला असता 'तीस दिवसांत मृत्यूची शक्यता अमुक टक्के' असे उत्तर येते. अलीकडे हजारो-लाखो रुग्णांच्या नोंदींवरून संगणकच स्वतः नियम शोधतो, अशाही पद्धती आल्या आहेत. हा अंक कसा तयार होतो, त्यावर किती विसंबावे आणि वेल्हे-भोरसारख्या डोंगरी तालुक्यांत काम करणाऱ्या वैद्यांचा व औषधविक्रेत्यांचा त्याच्याशी काय संबंध, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या अंकाला लागणाऱ्या माहितीचा मोठा भाग रुग्णालयाजवळ नसून आपल्याजवळ असतो. आपण तो लिहून पाठवला नाही, तर आपल्या रुग्णाविषयीचा अंक चुकतो, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

संहितांमधील साध्यासाध्य विचार

चिकित्सेपूर्वी फलिताचा अंदाज घेणे आपल्याला नवे नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे व्याधींचे भेद सांगितले आहेत. मृत्युसूचक अरिष्टलक्षणांसाठी इंद्रियस्थान हे बारा अध्यायांचे स्वतंत्र स्थान योजले आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील दशविध परीक्षा ही तर प्रत्यक्ष रुग्णाच्या बलाचे मोजमाप आहे : प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय.

आजच्या जोखीममापनातील बाबी पाहिल्या तर ओळखीच्या वाटतात. वय दोन्हीकडे आहे. व्यायामशक्तीच्या ठिकाणी 'दोन जिने न थांबता चढता येतात का' हा प्रश्न आहे. आहारशक्ती व संहननाच्या ठिकाणी वजनातील घट आणि रक्तातील अल्ब्युमिन आहे. यावरून सर्व काही संहितांत होतेच असा दावा करण्याचे कारण नाही. संहितांनी काय पाहावे ते सांगितले. शेकडो रुग्णांत ते पाहून प्रत्येक बाबीला किती वजन द्यावे, हे मोजण्याचे काम गेल्या काही दशकांत झाले. वैद्याला पहिला भाग अवगत असल्याने दुसरा समजून घेणे अवघड जाऊ नये.

अंक कसा तयार होतो?

या मापनाचा प्रारंभ अगदी साध्या वर्गीकरणाने झाला. १९४१ साली अमेरिकेतील भूलतज्ज्ञांनी शस्त्रकर्मापूर्वीच्या शारीरिक अवस्थेनुसार रुग्णांचे वर्ग पाडले. निरोगी रुग्ण पहिल्या वर्गात, आणि आजाराची तीव्रता वाढेल तसा पुढच्या वर्गात. आजही भुलीच्या कागदावर हा वर्ग लिहिलेला आढळतो. १९८७ साली मेरी चार्लसन यांनी मधुमेह, हृद्रोग, वृक्कविकार इत्यादी १९ सहव्याधींना गुण देऊन निर्देशांक तयार केला.

१९९१ साली इंग्लंडमध्ये कोपलँड व सहकाऱ्यांनी मांडलेली 'पॉसम' पद्धती शल्यचिकित्सकांत विशेष प्रसिद्ध आहे. तीत १२ शारीरिक बाबी असतात : वय, हृदय व श्वसनाची स्थिती, रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, युरिया, सोडियम, पोटॅशियम आणि ईसीजी. शस्त्रकर्मासंबंधीच्या ६ बाबी वेगळ्या असतात. त्यांत शस्त्रकर्माचा आवाका, रक्तस्राव, तातडीची गरज आणि कर्करोगाची व्याप्ती यांचा समावेश होतो. प्रत्येक बाबीस १, २, ४ किंवा ८ गुण दिले जातात आणि बेरजेवरून गणिती सूत्राने शक्यता काढली जाते.

याहून विस्तृत प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९९० च्या दशकात शस्त्रकर्मांच्या फलिताची पद्धतशीर नोंद सुरू झाली. तीवर आधारित एका अभ्यासात हृदयाव्यतिरिक्तच्या ५४,२१५ मोठ्या शस्त्रकर्मांचा विचार झाला आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रकर्मापूर्वीचे अल्ब्युमिन दर लिटरला ४६ ग्रॅमहून अधिक असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते, तर २१ ग्रॅमहून कमी असलेल्यांत ते २९ टक्के होते. शस्त्रकर्मापूर्वीच्या इतर अनेक बाबींपेक्षा ही साधी रक्ततपासणी अधिक बोलकी ठरली. पुढे अमेरिकन शल्यचिकित्सक महाविद्यालयाने २०१३ साली ३९३ रुग्णालयांतील १४ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २१ बाबींचे गणकयंत्र तयार केले.

सध्याचा टप्पा संगणकीय शिक्षणाचा आहे. यात कोणत्या बाबीस किती गुण द्यावेत हे माणूस आधी ठरवत नाही. पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदी व त्यांचे फलित संगणकास दिले जाते आणि तो संबंध शोधतो. डेन्मार्कमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या राष्ट्रीय नोंदींवरून शस्त्रकर्मानंतर एका वर्षातील मृत्यूची शक्यता वर्तवून, अधिक जोखमीच्या रुग्णास अधिक पूर्वतयारी व देखरेख देण्याची पद्धत प्रत्यक्ष उपयोगात आणली गेली आहे. म्हणजे अंक काढून थांबावयाचे नसून त्यानुसार पूर्वकर्म व पश्चात्कर्म बदलावयाचे आहे.

अंकाची परीक्षा

कोणत्याही अनुमानाची दोन प्रकारे परीक्षा करतात. पहिली, भेदक्षमता : अधिक धोक्याचा रुग्ण कमी धोक्याच्या रुग्णापासून वेगळा ओळखता येतो का? दुसरी, यथार्थता : सांगितलेला अंक प्रत्यक्षाशी जुळतो का? समजा, एका सूत्राने ५० रुग्णांना प्रत्येकी २० टक्के शक्यता सांगितली. त्यांपैकी सुमारे १० रुग्ण दगावले तर सूत्र यथार्थ. चारच दगावले तर ते अकारण भीती घालते, आणि अठरा दगावले तर खोटा दिलासा देते.

मूळ पॉसम सूत्रात हा दोष आढळला. रुग्ण कितीही सुदृढ आणि शस्त्रकर्म कितीही लहान असले, तरी त्या सूत्राने मृत्युशक्यता १ टक्क्याच्या खाली येतच नसे. म्हणून पोर्ट्समथ येथील तज्ज्ञांनी १९९८ साली सुधारित सूत्र दिले. त्यात बाबी त्याच राहिल्या, केवळ गणित बदलले. एका ठिकाणचे सूत्र दुसऱ्या ठिकाणी वापरण्यापूर्वी तेथील रुग्णांवर पडताळून पाहावे लागते, हा त्यातून घेण्याचा धडा आहे. इंग्लंड, अमेरिका किंवा डेन्मार्कच्या नोंदींतून निघालेला अंक मावळातील शेतकऱ्यास जसाच्या तसा लागू होईलच असे नाही.

दुसरी मर्यादा तर्काची आहे. ५ टक्के याचा अर्थ, अशाच अवस्थेतील १०० रुग्णांपैकी सुमारे ५ दगावतात. समोरचा रुग्ण त्या पाचांतील की पंच्याण्णवांतील, हे अंक सांगत नाही. अरिष्टलक्षण आणि हा अंक यांत हा फरक आहे. अरिष्ट मृत्यूचे चिन्ह मानले आहे, तर अंक ही केवळ समूहाविषयीची माहिती आहे. त्याला भविष्यकथनाचे स्वरूप देणे शास्त्रास धरून नाही.

रिकाम्या रकान्याचा धोका

आता आपल्या परिसराकडे वळू. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले, तरी रस्ते, डोंगर आणि पावसाळा तोच आहे. केळद, पासली यांसारख्या गावांतील साठीच्या वरच्या कित्येक स्त्री-पुरुषांची रक्तशर्करा कधी तपासलेलीच नसते. रक्तदाबाची गोळी चालू होते, बरे वाटले की बंद होते. मिश्री लावण्याची सवय ही व्यसनात मोजली जात नाही, म्हणून 'व्यसन आहे का' या प्रश्नास उत्तर 'नाही' असे येते. असा रुग्ण पुण्यास गेल्यावर केसपेपरवर 'पूर्वव्याधी : नाही' असे लिहिले जाते. तेथील डॉक्टरांनी खोटे लिहिलेले नसते. त्यांना जे सांगितले गेले, ते त्यांनी लिहिलेले असते.

गणिताच्या दृष्टीने 'आजार नाही' आणि 'आजार माहीत नाही' यांत महदंतर आहे. परंतु रिकामा रकाना अनेकदा निरोगी म्हणून वाचला जातो. त्यामुळे ज्याने आयुष्यात कमी तपासण्या केल्या, तो कागदावर अधिक सुदृढ दिसतो.

हा दोष काल्पनिक नाही. २०१९ साली ओबरमायर व सहकाऱ्यांनी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका आरोग्यविषयक संगणकीय पद्धतीची तपासणी प्रसिद्ध केली. ती पद्धती रुग्णाची गरज त्याच्यावर झालेल्या उपचारखर्चावरून ठरवत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर त्याच आजारासाठी कमी खर्च होत असे, म्हणून ते अधिक आजारी असूनही पद्धतीला कमी गरजू वाटत. दोष दूर केल्यास अतिरिक्त देखरेखीस पात्र ठरणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्के झाले असते, असे संशोधकांनी दाखवले. ज्यावर खर्च झाला नाही तो निरोगी, हा समज यंत्राने माणसाकडूनच घेतला होता. आपल्याकडील डोंगरी भागातील रुग्णांच्या बाबतीत तोच समज होण्याचा धोका उघड आहे.

महाराष्ट्रातील नोंदींचा वारसा

ग्रामीण भागात नोंदी ठेवता येत नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. कर्करोगाच्या नोंदींत महाराष्ट्र देशात अग्रेसर राहिला आहे. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. पुण्यात ती १९७३ साली आली. १९८७ साली बार्शी येथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधारे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली.

बार्शीचे उदाहरण आपल्यासाठी मोलाचे आहे. शहरातील नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांतून व प्रयोगशाळांतून माहिती गोळा करत. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेड्यांत ती रीत अपुरी पडली असती, कारण अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. ग्रामस्थांशी बोलून लक्षणे असणाऱ्यांचा शोध घेणे, त्यांना तपासणीस पाठवणे आणि मृत्यूंची माहिती मिळवणे, हे काम त्यांनी केले. नोंद ही माणसाने माणसाला विचारूनच घडते. तिच्यासाठी यंत्र नंतर लागते, आधी ओळख लागते. ती ओळख गावच्या वैद्याजवळ असते.

मृत्यूच्या नोंदीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. शस्त्रकर्मानंतरची मृत्युसंख्या बहुधा ३० किंवा ९० दिवसांपर्यंत मोजतात. रुग्ण आठव्या दिवशी घरी आला आणि पंचविसाव्या दिवशी गावी दगावला, तर रुग्णालयाच्या वहीत तो 'पुन्हा आला नाही' एवढाच राहतो. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते, पण कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित असेलच असे नाही. २०२० साली भारतात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. ज्या सूत्राला आपल्या गावातील मृत्यू कळलेच नाहीत, ते सूत्र आपल्या पुढच्या रुग्णास कमी धोका सांगणार, हे ओघाने आले.

मृत्यू नेमका कोठे होतो?

२०२१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला ग्लोबलसर्ज गटाचा अभ्यास प्रत्येक वैद्याने समजून घ्यावा असा आहे. त्यात ८२ देशांतील ४२८ रुग्णालयांमधील स्तन, मोठे आतडे व जठर यांच्या कर्करोगाची शस्त्रकर्मे झालेल्या १५,९५८ रुग्णांचा ३० दिवस मागोवा घेतला गेला. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रकर्मानंतरच्या मृत्यूंत श्रीमंत व गरीब देशांत फरक आढळला नाही. जठर व आतड्याच्या बाबतीत मात्र अल्प व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत मृत्यू लक्षणीयरीत्या अधिक होते.

त्यामागील कारण विचार करण्याजोगे आहे. मोठी गुंतागुंत झाल्यानंतर रुग्ण वाचतो की नाही, यातच खरी तफावत होती. शस्त्रकर्मोत्तर देखरेखीच्या सोयी सातत्याने उपलब्ध नसतील, तर दर १०० मोठ्या गुंतागुंतींमागे ७ ते १० अधिक मृत्यू होतात, असे त्या अभ्यासात दिसले. कर्करोगाच्या टप्प्याने या लवकरच्या मृत्यूंतील फरकाचा फारच थोडा भाग स्पष्ट झाला. म्हणजे 'रोगच वाढलेला होता' हे आपले नेहमीचे स्पष्टीकरण येथे पुरेसे नाही.

वेल्ह्याच्या संदर्भात याचा अर्थ स्पष्ट आहे. आतड्याचा सांधा गळू लागला, जखमेत पूय झाला, पिंडरीतील शिरेत गुठळी झाली किंवा फुप्फुसात संसर्ग झाला, तर पहिले काही तास निर्णायक असतात. त्या वेळी रुग्ण पानशेत-वरसगावच्या मागच्या बाजूस एखाद्या वाडीवर असेल आणि बाहेर आषाढातला पाऊस असेल, तर अंकात न मोजलेली जोखीम उभी राहते. ती कमी करणे पुष्कळ अंशी आपल्या हातात आहे. पुढील लक्षणे दिसताच वाट न पाहता मूळ रुग्णालयाशी फोनवर बोलावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी :

• ज्वर, थंडी वाजणे, नाडी सतत जलद राहणे
• पोट फुगणे, वारंवार उलटी, वायू व मलप्रवृत्ती बंद होणे
• जखमेतून पूय, दुर्गंधी किंवा मलमिश्रित स्राव
• एकाच पायास सूज व पिंडरीत वेदना. अचानक श्वास लागणे
• मूत्र अल्प होणे, असंबद्ध बोलणे, ग्लानी

या लक्षणांत ज्वरघ्न वा वेदनाशामक औषध देऊन दोन दिवस थांबणे हा मोठा धोका आहे.

संदर्भचिठ्ठीत काय लिहावे?

२०१८ साली 'लॅन्सेट'मध्येच आलेल्या एका अभ्यासात १,४०१ रुग्णांची शारीरिक क्षमता डॉक्टरांनी आपल्या अंदाजाने सांगितली आणि ती यंत्राने मोजलेल्या क्षमतेशी ताडून पाहिली. ज्यांची क्षमता खरोखर कमी होती, अशांपैकी सुमारे १९ टक्केच डॉक्टरांच्या अंदाजाने ओळखले गेले. याउलट 'घरकाम करता का, जिना चढता का' अशा ठरावीक प्रश्नांची यादी विचारल्यावर ३० दिवसांतील मृत्यू वा हृदयविकाराच्या झटक्याचा अंदाज अधिक चांगला आला. बघून ठरवण्यापेक्षा नेमके विचारणे श्रेष्ठ, हा त्याचा बोध आहे.

असे प्रश्न विचारण्यास आपण उत्तम स्थितीत आहोत. शहरातील भूलतज्ज्ञ रुग्णास प्रथमच पाहतो. आपण त्यास दहा वर्षे पाहत आलेलो असतो. मागील वर्षी जी स्त्री भातलावणीस दिवसभर वाकून काम करत होती, ती यंदा बांधावर बसून राहिली, ही माहिती व्यायामशक्तीच्या परीक्षेत कोणत्याही जिन्यापेक्षा कमी महत्त्वाची नाही. म्हणून रुग्णास पाठवताना एका पानावर पुढील बाबी लिहाव्यात :

१. वय (आधार कार्डावरील व प्रत्यक्ष यांत तफावत वाटल्यास तसा उल्लेख)
२. सहा महिन्यांपूर्वीचे व आताचे वजन
३. आहारशक्ती : एका वेळी पूर्वी किती भाकरी, आता किती
४. व्यायामशक्ती : चढण, हंडा, लावणी, जिना यांपैकी काय जमते, केव्हापासून जमत नाही
५. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग, श्वास, वृक्कविकार, जुना क्षय : 'आहे', 'नाही' की 'तपासले नाही' हे स्पष्ट शब्दांत
६. तंबाखू, मिश्री, विडी, मद्य : किती वर्षे, किती प्रमाणात
७. हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन यांचे उपलब्ध आकडे तारखेसह
८. चालू असलेली सर्व औषधे, आपण दिलेले कल्प व भस्मे धरून
९. पूर्वीची शस्त्रकर्मे व भुलीच्या वेळी झालेला त्रास
१०. घरी सोबत कोण, गावापासून पक्क्या रस्त्याचे अंतर, संपर्काचा दूरध्वनी

पाचव्या बाबीतील 'तपासले नाही' हे शब्द सर्वांत मोलाचे आहेत. ते वाचणाऱ्यास तपासणी करण्यास भाग पाडतात. प्रकृती, सार व सत्त्व यांचीही नोंद अवश्य करावी. आजच्या सूत्रांत त्यांना स्थान नाही, पण नोंद व फलित दोन्ही लिहिलेले असल्याशिवाय त्यांचे मोल पुढे कोणालाही तपासता येणार नाही. चिठ्ठीची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि सातव्या, तिसाव्या व नव्वदाव्या दिवशी रुग्णाची स्थिती तिच्यावर लिहून रुग्णालयास कळवावी. ही माहिती रुग्णाची आहे. त्याच्या संमतीनेच ती पाठवावी आणि इतरत्र तिची चर्चा करू नये. आयुष्मान भारत डिजिटल अभियानाखाली मिळणाऱ्या १४ अंकी 'आभा' क्रमांकाशी नोंदी जोडता येतात. परंतु ज्या नोंदी मुळात लिहिल्याच नाहीत, त्या कोणताही क्रमांक जोडू शकत नाही.

पूर्वकर्मात आपले साहाय्य

निदान व शस्त्रकर्म यांमधील दोन-चार आठवड्यांत अंक खाली आणता येतो. शस्त्रकर्मापूर्वी सुमारे चार आठवडे तंबाखूचे धूम्रपान बंद केल्यास गुंतागुंती घटतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पुन्हा सांगितले आहे. पांडुरोगाची चिकित्सा, प्रथिनयुक्त आहार, शर्करेचे नियंत्रण, श्वसनाचा व्यायाम व रोजचे चालणे यांकडे या काळात लक्ष द्यावे. मात्र शस्त्रकर्माची तारीख यासाठी आपल्या मनाने पुढे ढकलू नये.

शोधनकर्माविषयी विशेष सावधगिरी हवी. कृश झालेल्या कर्करोगी रुग्णास शस्त्रकर्मापूर्वी वमन-विरेचन दिल्यास सोडियम व पोटॅशियम ढळू शकतात, आणि या दोन्ही पॉसम गुणांकनातील बाबी आहेत. शल्यचिकित्सकाच्या अनुमतीविना या काळात शोधन करू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

रुग्ण प्रत्यक्षात कोणती औषधे घेतो, याचे सर्वांत खरे उत्तर अनेकदा औषधविक्रेत्याजवळ असते. पुढील बाबी आढळल्यास रुग्णाने त्या भूलतज्ज्ञास सांगाव्यात, असा आग्रह धरावा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल, स्वतःहून बंदही करू नयेत आणि लपवूही नयेत. लसूण, गुग्गुळ व हळद यांच्या घन मात्रेतील कल्पांनी रक्तस्राव वाढण्याची शक्यता सांगितली जाते. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. अश्वगंधेसारख्या निद्राकर द्रव्यांचा भुलीच्या औषधांशी संयोग होऊ शकतो. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेची सूचना वनौषधी शक्यतो दोन आठवडे आधी थांबवण्याची आहे. प्रत्यक्षात काय थांबवावे हे उपचार करणाऱ्या भूलतज्ज्ञाने ठरवावे, आणि त्यासाठी त्याला यादी मिळाली पाहिजे.

सर्वांत धोकादायक म्हणजे सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेली बिननावाची पुडी. तीत स्टिरॉइड असल्यास अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. शस्त्रकर्माच्या ताणात रक्तदाब अकस्मात कोसळू शकतो, आणि कागदावर कोणत्याही स्टिरॉइडची नोंद नसते. अशी पुडी आयुर्वेदाच्या नावावर विकली जाते, तेव्हा रुग्णाच्या जिवाबरोबर आपल्या शास्त्राचीही हानी होते.

अंक रुग्णास कसा सांगावा?

अश्मरीच्या शस्त्रकर्माविषयी सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात मांडलेला विचार येथे मार्गदर्शक आहे. शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यशाविषयी संशय, अशी स्थिती असल्याने अधिकारी व्यक्तीस विचारूनच ते करावे, असा त्याचा आशय आहे. यात तुलना दोन जोखमींची आहे. करण्याचा धोका सांगताना न करण्याचा धोकाही सांगितलाच पाहिजे.

गावात ऐकू येणारे 'ऑपरेशन केले की कॅन्सर पसरतो' हे वाक्य केवळ पहिला धोका मोठा करते. दुसऱ्या बाजूचे उदाहरण मुंबईचेच आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुखकर्करोगाच्या प्रारंभीच्या अवस्थेतील रुग्णांत एक चाचणी केली. काहींत मूळ गाठीबरोबरच मानेतील लसिकाग्रंथी काढल्या, तर काहींत त्या वाढल्या तरच काढल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या निष्कर्षांत, आधीच विस्तृत शस्त्रकर्म केलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे अधिक मोठे शस्त्रकर्म येथे अधिक जीव वाचवणारे ठरले. मृत्युशक्यतेचा अंक एकटा सांगितला असता, तर ही बाजू रुग्णास कळलीच नसती.

सांगण्याची रीतही महत्त्वाची. अरिष्ट दिसले तरी न विचारता मृत्यूचे भाकीत करू नये, आणि विचारले तरी जेथे त्याने रुग्णास वा आप्तांस आघात होईल तेथे संयम ठेवावा, असा उपदेश इंद्रियस्थानाच्या शेवटी आहे. आजच्या काळात रुग्णास माहितीचा हक्क आहे आणि संमतीविना शस्त्रकर्म होऊ शकत नाही, त्यामुळे सत्य दडवता येत नाही. दोहोंचा मेळ असा घालता येईल : रुग्णास किती जाणून घ्यावयाचे आहे ते आधी विचारावे, टक्क्यांऐवजी 'शंभरांपैकी इतके' असे सांगावे, आधी वाचणाऱ्यांची व मग दगावणाऱ्यांची संख्या द्यावी, आणि धोका कमी करण्यासाठी आजपासून काय करता येईल ते त्याच बैठकीत सांगावे. रुग्णालयाने दिलेला अंक आपण आपल्या अंदाजाने वाढवू वा घटवू नये. शंका वाटल्यास शल्यचिकित्सकास फोन करावा.

उपसंहार

मृत्युशक्यतेचे अनुमान हे साध्यासाध्यविचाराचे संख्यारूप आहे. ते उपयुक्त आहे, पण ते ज्यांच्या नोंदींतून घडले त्यांच्यापुरतेच यथार्थ आहे. आपल्या डोंगरी तालुक्यांतील रुग्ण त्या नोंदींत यावयाचा असेल, तर त्याची सुरुवात आपल्या टेबलावरील एका पानाच्या चिठ्ठीपासून आणि तिसाव्या दिवशीच्या एका फोनपासून होते. वेल्हे-भोर परिसरातील वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी वर दिलेल्या दहा बाबींची चिठ्ठी आपल्या दवाखान्यात व दुकानात छापून ठेवावी आणि पुढील कर्करोगी रुग्णापासूनच वापरावी, ही नम्र विनंती.